रोज आभार मानायला सुरुवात कुठून करू?

अरे, एकदम सगळं सिद्दूर, म्हणजे आपलं ज्यू प्रार्थनांचं पुस्तक, पाठ करायला जाऊ नकोस, दमशील. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, मोदे अनी म्हण, एवढंसं हिब्रू वाक्य आहे, जीव परत दिलास म्हणून आभार, आणि त्यात देवाचं नावसुद्धा येत नाही म्हणून हात न धुता चालतं. मी महिनाभर नुसतं तेवढंच केलं, चिडचिड खरंच कमी झाली. मग शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आपला विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होताना मनुकांचं सरबत आणि घरचे सगळे एका टेबलावर, बास. आणि आपला बेने इस्रायली ज्यूंचा मलिदा, आभाराचा नैवेद्य, विसरू नकोस! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन. नवस फेडायलाच करायचा असं नाही, साधी नोकरी टिकली तरी कर.