घडी तिरकी का पडते?

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. बालवाडीत कागदकाम सुरू झालंय. तिची साधी घडीसुद्धा तिरकी पडते, मग ती चिडून कागद चुरगाळते. घरी होडी करून घेऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : होडी आत्ता नको. होडीसाठी आधी कागदाची टोपी करायची, मग तिच्या पोटात बोटं घालून ती उघडायची, पुन्हा चौकोनी मिटायची, शिवाय थर वाढत जातात. साडेचाराव्या वर्षी ते बहुतेकांना झेपत नाही.

घडी बिघडते ती बहुधा कागद धरणाऱ्या हातामुळे. उजवा हात घडी दाबायला गेला की डावा सैल पडतो आणि जुळवलेली कड सरकते. म्हणून दोन्ही कामं वेगळी करा. कागदाची खालची कड उचलून वरच्या कडेवर आणायची. कडेला कड लागली की डाव्या हाताची बोटं तिथेच रोवायची. मग उजव्या हाताचं एक बोट त्या कडेच्या मध्यापासून सरळ खाली घडीपर्यंत ओढायचं, तिथून दोन्ही बाजूंना. शेवटी अंगठ्याच्या नखाने घडी पक्की. (डावखुऱ्या मुलांचे हात उलट.) तरीही सरकलं, तर सुरुवातीला कागदाची वरची कड चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा.

कागद झेरॉक्सचा चालतो. एका ए-फोरमधून साधारण १५ सेंमीचे दोन चौकोन निघतात. एका बाजूने रंगीत घोटीव कागद त्याहून बरा, कारण कड चुकली की पांढरी पट्टी दिसते आणि चूक मुलीला स्वतःलाच कळते. कार्डशीट नको, छोट्या बोटांनी ती दुमडतच नाही. पावसाळ्यात सर्दावलेल्या कागदावर घडी टिकत नाही, तेव्हा कागद डब्यात ठेवा.

पहिली वस्तू म्हणून कुत्र्याचं तोंड घ्या. टोकाला टोक लावून त्रिकोण, लांब बाजू वर. वरची दोन टोकं खाली तिरकी दुमडली की कान, खालचं टोक थोडं वर वळवलं की नाक. एकूण चार घड्या, आणि एक कान लहान झाला तरी कुत्रा कुत्राच दिसतो! चार वर्षांच्या मुलांना अशाच वस्तू द्याव्यात.

प्रश्न : कागदकामामुळे अक्षर सुधारेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थेट नाही. अंगठा-तर्जनीचा दाब आणि एका हाताने धरून दुसऱ्याने काम करण्याची सवय यांचा लिहिताना उपयोग होतो, पण पेन्सिलची पकड वेगळी शिकावी लागते. त्यासोबत मातीकाम, मणी ओवणं, कात्रीही हवी. पाच वर्षं पूर्ण होऊनही बटण लावणं, कापणं, घडी असं सगळंच अवघड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.