पावसात रात्री आपोआप वाजणारा वायर्ड अलार्म: पॅनेल बदलण्याआधी काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की लालबागच्या दुकानात सहा झोनचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या लाइनींचा, वायर्ड अलार्म आहे. पाऊस लागल्यापासून झोन 3, म्हणजे मागचा लाकडी दरवाजा, रात्री दोन-तीनच्या सुमाराला वाजतो. दिवसा सगळं नीट असतं, आणि मेकॅनिक म्हणतोय पॅनेलच, म्हणजे अलार्मचा मुख्य कंट्रोल डबाच, बदला.

इतक्यात पैसे घालू नका. गिरगाव ते परळ मी बरीच वर्षं हेच काम करतोय. पावसाळ्यात एकच झोन त्रास देत असेल, तर माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा वायरीत नाहीतर दरवाजात निघतो. आणि ते तुम्हाला स्वतःला तपासता येतं, फक्त एक साधा मल्टीमीटर हवा.

आधी शेजारच्या गाळ्यात आणि वॉचमनला सांगून ठेवा, कारण पॅनेलचं झाकण उघडलं की टॅम्परमुळे, म्हणजे डबा उघडल्याचं ओळखणाऱ्या स्विचमुळे, सायरन वाजू शकतो. मेन सप्लाय बंद करा, बॅटरीची एक वायर काढा आणि वायरिंगचा मोबाईलवर फोटो घ्या.

आता झोन 3 च्या दोन्ही वायरी पॅनेलमधून सोडवा आणि दरवाजा बंद ठेवून मीटरवर त्यांचा रेझिस्टन्स मोजा. वायर पॅनेलला जोडलेली असताना मोजू नका, आकडा खोटा येतो. लाइनच्या शेवटी एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो किती ओहमचा ते पॅनेलप्रमाणे बदलतं, 2.2, 4.7 किंवा 5.6 किलोओहम वगैरे, ते मॅन्युअलमध्ये मिळेल. समजा 5.6 चा आहे, म्हणजे हिरवा, निळा, लाल असे पट्टे. मग मीटरवर 5.6 च्या आसपास आकडा आला पाहिजे आणि तो स्थिर राहिला पाहिजे. दरवाजा उघडला की लाइन ओपन, म्हणजे तुटलेली, दिसली पाहिजे. आता कुणालातरी बंद दरवाजावर हळू थापा मारायला सांगा आणि तुम्ही आकड्यावरची नजर काढू नका. आकडा उडाला तर दरवाजा पाण्याने फुगलाय, दरवाजावरचा मॅग्नेट आणि चौकटीवरचा स्विच (हाच दरवाजाचा सेन्सर) यांच्यातलं अंतर वाढलंय. मॅग्नेट सरकवून बसवला की काम झालं.

दरवाजा ठीक असेल तर वायर, आणि मुंबईच्या पावसात माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. मागे गिरगावात एका दुकानात असंच व्हायचं. चार दिवस शोधून शेवटी माळ्यावर केसिंग-पट्टी उघडली, तर आत वायरीला मध्येच जोड दिलेला, नुसता पीळ मारून वर टेप. टेप चिकट होऊन सुटलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि भिंतीतली ओल थेट जोडावर. दिवसा सुकलं की झोन नॉर्मल, रात्री ओल धरली की अलार्म. असा जोड शोधायला लाइन अर्ध्यावर सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, मग खराब अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. ओलीची गळती पाहायची तर सेन्सरकडचा रेझिस्टरही काढा. दोन्ही टोकं मोकळी असताना मीटरच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर लाइन ओपन दिसली पाहिजे. काही लाख ओहम जरी दिसले, तरी कुठेतरी पाणी आहे.

जोड सापडला तर त्यावर पुन्हा टेप गुंडाळू नका. सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, नाहीतर पॅनेलपासून दरवाजापर्यंत अखंड नवी वायर ओढा. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सामान मिळतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा, कारण इथे ग्राहकाची सरळ फसवणूक होते. तो रेझिस्टर दरवाजाजवळच्या सेन्सरमध्ये आहे की पॅनेलच्या डब्यातच बसवलाय? डब्यात असेल तर मधली वायर कुणी शॉर्ट केली, म्हणजे तिच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, तरी पॅनेल नॉर्मलच दाखवणार, आणि चोर दरवाजा उघडून आत आला तरी सायरन गप्प. घाईत काम उरकणारे असंच करून जातात, आणि वर्षानुवर्षं मालकाला पत्ता नसतो. रोज कुलूप लावून जाणाऱ्या माणसाचा विश्वास त्या डब्यावर असतो, म्हणून मला याचा फार राग येतो. तुमच्या मेकॅनिकला हे विचाराच.

पॅनेल खरंच बिघडलंय का, हे ठरवायला झोन 3 आणि 4 च्या वायरींची जागा आपसात बदला. दोन्ही झोनचं सेटिंग सारखं असेल तरच. अलार्म आता झोन 4 वर आला तर दोष वायरीसोबत फिरला, पॅनेल निर्दोष. 3 वरच राहिला तर मेकॅनिक बरोबर. काही दिवस झोन बंद करून टाकू, असं म्हणू नका, मागचा दरवाजा तेवढे दिवस उघडाच समजायचा.

पॅनेल उघडलंच आहे तर 12 व्होल्टची बॅटरीही पाहून घ्या. काढलेली वायर परत जोडून मेन चालू करा, चार्जिंग चालू असताना साधारण 13.5 ते 13.8 व्होल्ट हवेत. मेन बंद करून थोडा वेळ सायरन वाजवा, व्होल्टेज लगेच 11 च्या खाली आलं तर बॅटरी गेली. मेन चालू असताना हे कळत नाही.

दरवाजा बंद असताना, उघडा असताना आणि थापा मारताना काय आकडे आले ते लिहा, म्हणजे पुढे कुठे शोधायचं ते सांगतो.