ट्यूनरचे नंबर आधी पक्के करा

लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही पकडणारी दोन डिजिटल ट्यूनर कार्डं असतील आणि रीबूटनंतर चॅनल गायब झाले, तर लगेच अँटेनाच्या मागे लागू नका. मीही त्यापायी एक अख्खा रविवार गच्चीवर घालवलाय. बहुतेक वेळा त्या दोन कार्डांनी आपसात नंबर बदललेले असतात. ज्याचा ड्रायव्हर आधी लोड होतो त्याला लिनक्स ‘अडॅप्टर ०’ देतं, आणि तो क्रम दरवेळी तोच राहील याची हमी नाही. ड्रायव्हर वेगळे असतील तर काम सोपं: मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलीत प्रत्येकाला ‘अडॅप्टर_एनआर’ हा पर्याय देऊन नंबर ठरवून टाका. दोन्ही कार्डांचा ड्रायव्हर एकच असेल तर नंबर स्वल्पविरामाने लिहा, पण मग स्लॉट बदलू नका. ॲनालॉग कार्डाला एवढंही नको. यूडेव्हने (उपकरणांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमने) ‘बाय-पाथ’ फोल्डरात स्लॉटनुसार केलेली लिंकच टीव्हीच्या प्रोग्रॅमला द्या.