निळ्या एलईडीत अकासाकी यांचा वाटा

निळ्या एलईडीचे श्रेय बहुतेक ठिकाणी शुजी नाकामुरा यांनाच दिलेले दिसते, मग २०१४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये इसामु अकासाकी यांचा वाटा नेमका कोणता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो पायाचा आहे.

एलईडी ज्याचा बनतो त्या अर्धवाहकातून (सेमीकंडक्टर) कोणत्या रंगाचा प्रकाश निघेल, हे त्याच्या ऊर्जा-अंतरावर, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जा-पातळ्यांमधील फरकावर, ठरते. तांबड्या प्रकाशाला लहान अंतर पुरते, म्हणून निक होलोन्याक यांचा तांबडा एलईडी १९६२ मध्येच उजळला. निळ्यासाठी मोठ्या अंतराचे गॅलियम नायट्राइड योग्य होते, पण त्याचा चांगला स्फटिक कोणालाच वाढवता येत नव्हता. तो नीलमाच्या चकतीवर वाढवावा लागे आणि दोहोंच्या अणुरचनेत सुमारे १६ टक्क्यांची तफावत असल्याने थर खडबडीत होई, त्याला भेगा पडत. पुढे बहुतेक संशोधक झिंक सेलेनाइडकडे वळले. मात्सुशिता कंपनीच्या संशोधन संस्थेत असताना हाती घेतलेले गॅलियम नायट्राइड अकासाकी यांनी मात्र १९८१ मध्ये नागोया विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावरही सोडले नाही.

तेथे त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी दीड हजारांहून अधिक प्रयोग केले. १९८५ मध्ये एके दिवशी भट्टी नेहमीइतकी तापेना, तेव्हा त्यांनी नीलमावर कमी तापमानातच ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवले. काढून पाहिले तर स्फटिक काचेसारखा पारदर्शक! मधल्या थराने तफावतीचा ताण पेलला होता. या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच टप्पा, कारण पुढचे सारे याच स्फटिकावर उभे राहिले.

दुसरी अडचण पी-प्रकारच्या, म्हणजे धन विद्युतभार वाहून नेणाऱ्या, थराची होती. मॅग्नेशियम मिसळूनही तो थर वीज नीट वाहून नेत नसे. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडल्यावर तो पी-प्रकारचा होतो, हे या दोघांनी १९८९ मध्ये दाखवले आणि त्याच वर्षी पी-एन संधीचा, म्हणजे असा थर ऋण भार वाहणाऱ्या एन-प्रकारच्या थराला जोडलेला, निळा एलईडी तयार केला.

नाकामुरा यांचे काम तितकेच खरे आहे. मॅग्नेशियमला हायड्रोजन अडवून धरतो, हे त्यांनी उलगडले, झोताऐवजी साधी उष्णता पुरते हे सिद्ध केले आणि निचिया कंपनीत १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा केला. निळ्या प्रकाशावर पिवळे स्फुरक (निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा पदार्थ) वापरून घरातला पांढरा दिवा झाला, तो त्यानंतरच. अकासाकी यांच्या पेटंटांच्या स्वामित्वधनातून २००६ मध्ये नागोया विद्यापीठात त्यांच्याच नावाची संशोधन संस्था उभी राहिली. १ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.