शेजारचा टीव्ही आपल्या उशाशी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : बेडरूमची एक भिंत शेजाऱ्यांच्या हॉलला लागून आहे. चार इंची विटेची, १२ फूट लांब, १० फूट उंच. रात्री त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. माणसं चांगली आहेत, भांडण नको आहे. एक दुकानदार फोमच्या टाइल्स चिकटवा म्हणतो, दुसरा जाड विनाइल शीट, आणि इंटिरियरवाला एक इंची पट्ट्यांवर जिप्सम बोर्ड ठोकून देतो म्हणतो. काय घ्यावं?
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : यातले काहीच नको.

फोमची टाइल तोंडाला लावून फुंकर मारून पाहा, हवा पलीकडे जाते. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, आणि ते काम तुमच्या बेडरूममध्ये गादी, पडदे आणि उघडे कपडे आधीच करत आहेत. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागते.

मग वजनदार विनाइल का नको? हिशेब करून पाहा. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटेची भिंत चौरस मीटरला साधारण सव्वादोनशे किलो भरते. भिंतीचे वजन दुप्पट झाले तर पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. ३ मिमी विनाइल चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास असते. सव्वादोनशेवर सहा किलो चढवल्याने कानाला काहीही कळणार नाही. आणखी एक थर गिलावा केला तरी एक डेसिबलसुद्धा मिळत नाही. विनाइल वाईट माल नव्हे, पण त्याची जागा हलक्या पार्टिशनमध्ये आहे, विटेवर नाही.

एक इंची पट्ट्यांवर ठोकलेला एकेरी बोर्ड हा प्रकार तर उलटा अंगावर येऊ शकतो. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. २५ मिमी पोकळी आणि चौरस मीटरला ९ किलोचा एक बोर्ड असेल तर ही स्प्रिंग साधारण १२५ हर्ट्झला डोलते. पुरुषी आवाजाचा आणि टीव्हीच्या घुमारीचा हाच पट्टा. त्या पट्ट्यात बोर्ड लावल्यावर आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो. शिवाय पट्ट्या भिंतीला ठोकल्या की भिंतीचा कंप सरळ बोर्डात उतरतो.

खर्च करण्याआधी एक रात्र शोधाला द्या. पंखा बंद करून भिंतीला कान लावा, मग स्विचबोर्डजवळ, मग बीमच्या खालच्या सांध्याला, मग खिडकीशी. पातळ भिंतीत दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतील तर मधे जेमतेम गिलाव्याचा पापुद्रा उरतो. बीमखाली विटांचा शेवटचा थर गवंड्याने नीट ठासलेला नसतो आणि वरून पुट्टी फासलेली असते. शब्द ओळखू येतात ते स, श, ट, क अशा तीक्ष्ण ध्वनींमुळे, आणि हे ध्वनी फटीतून सहज येतात. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडा, बॉक्सच्या मागची आणि कडेची पोकळी मॉर्टरने भरा, पाइपांची तोंडे सीलंटने बुजवा. बीमखालची चीर खरवडून पातळ मॉर्टर ठासा. कित्येकदा एवढ्यावर बातम्यांची नुसती गुणगुण उरते आणि काम तिथेच थांबवता येते.

तरीही त्रास राहिला तर भिंतीला न टेकणारे अस्तर उभे करा. दहा फूट उंचीला ५० मिमीचे स्टड, म्हणजे पत्र्याचे उभे खांब, डुलतात, म्हणून ७० मिमीचे जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) स्टड घ्या. जमिनीला आणि स्लॅबला ट्रॅक, म्हणजे स्टड धरणाऱ्या आडव्या पत्र्याच्या पट्ट्या, लावा, ट्रॅकखाली ३ मिमी फोम टेप किंवा रबराची पट्टी. ट्रॅक भिंतीपासून १० मिमी सुटा हवा. जुनी भिंत ओळंब्यात नसते, तेव्हा अंतर सगळ्यात फुगीर जागेवरून मोजा. स्टड दर दोन फुटांवर, म्हणजे ७ नग, आणि ट्रॅक २४ फूट. स्टडच्या मधे ५० मिमी जाडीचे, घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेचे रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) बसवा. १ मीटर × ६०० मिमीचे २० स्लॅब पुरतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाइपांना गुंडाळतात ते याच जातीचे, पण ती जाळी शिवलेली मॅट्रेस असते. तुम्ही स्लॅब मागा, नाहीतर वर्षभरात खाली घसरून वरचा भाग रिकामा पडतो. हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

त्यावर १२.५ मिमीच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर. ६ × ४ फुटी बोर्ड थराला ५ लागतात, तुकड्यांची नासधूस धरून एकूण १२ आणा. पहिल्या थराला २५ मिमी स्क्रू, दुसऱ्याला ३५ मिमी. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. बोर्ड टाइल्सवर टेकवू नका, १० मिमी वर धरा. बाकी तीन कडांना ५-६ मिमी फट ठेवा आणि चारही कडांची फट प्रत्येक थराला ॲक्रिलिक सीलंटने भरा. ३०० मिलीच्या आठ ट्यूब लागतील. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. कारागीर ही फट पुट्टीने भरू पाहतो. पुट्टी वाळली की तडकते आणि फट पुन्हा उघडते, म्हणून सीलंट भरताना स्वतः उभे राहा.

८० मिमी पोकळी आणि दोन बोर्ड मिळून ती स्प्रिंग ५० हर्ट्झच्या आसपास उतरते, बोलण्याच्या खूप खाली. खोलीची सव्वाचार इंच जागा जाते. काम नेटके झाले तर १० डेसिबलच्या आसपास फरक पडतो आणि कानाला आवाज निम्मा वाटतो. नव्या भिंतीत स्विचबोर्ड बसवू नका, जड कपाट टांगू नका. एक लांब स्क्रू मागच्या विटेत गेला तरी तिथून आवाजाला पूल मिळतो.

एक इशारा. भिंतीच्या वर किंवा मागे बाथरूम असेल तर दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून घाम धरला तर आधी गळती काढा. ओल्या भिंतीपुढे बंद पोकळी केली की पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते आणि बोर्ड फुगतो.

प्रश्न : दवाखान्यात केबिनचं पार्टिशन लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी ९ मिमी प्लायचं आहे. आतलं बोलणं बाहेर बसलेल्या पेशंटना कळतं. प्लायचा आणखी एक थर लावून घेऊ का?
— एक डॉक्टर, कॅनडा कॉर्नर

उत्तर : आधी शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक टाइल उचला. बहुतेक पार्टिशन तिथेच संपलेले दिसेल आणि वर दोन्ही खोल्यांची हवा एक असेल. रुग्णाचे बोलणे छतात शिरून पलीकडे उतरते आहे. खाली कितीही थर चढवा, ही वाट उघडी राहिली तर पैसा वाया जातो. पार्टिशनच्या रेषेवर स्लॅबपर्यंत जीआय चौकट न्या, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड, मधे ५० मिमी रॉकवूल. एसीचे पाइप आणि वायर जिथून जातात ती भोके सीलंटने बुजवा.

मग दरवाजा. सात बाय तीन फुटी दाराखाली पाऊण इंच फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ १ टक्का. एक टक्का उघडे असलेले दार शिसवीचे असले तरी २० डेसिबलपेक्षा फार जास्त अडवू शकत नाही. ३५ मिमीचे भरीव फ्लश डोअर, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबर गॅस्केट, आणि खाली दार लागताच आपोआप उतरणारी सील पट्टी. पोकळ दार असेल तर ते बदला. गॅस्केट लावल्यावर दार लावताना थोडा जोर लागला पाहिजे. सहज लागले तर गॅस्केट टेकलेलेच नाही.

हे दोन्ही झाल्यावर पार्टिशन. चौकटीच्या पोकळीत रॉकवूल भरा. प्लायच्या आणखी एका थराऐवजी प्रत्येक बाजूला १२.५ मिमी जिप्सम बोर्ड लावा, तो प्लायपेक्षा जड आणि स्वस्त. ९ मिमी प्लाय चौरस मीटरला जेमतेम सहा किलो, त्यामुळे पहिल्या उत्तरात नाकारलेले विनाइल इथे खरोखर कामाचे आहे. जागा अजिबात नसेल तर प्लाय आणि बोर्डाच्या मधे ते घाला. रुग्ण मन मोकळे करायला येतो. त्याचे बोलणे चार भिंतींत राहावे यासाठीचा हा खर्च टाळू नका.

प्रश्न : आडगावला बंगला बांधतोय. आतल्या भिंती विटेच्या की एएसी ब्लॉकच्या?

उत्तर : एएसी म्हणजे आत हवेच्या छिद्रांचा, हलका सिमेंटचा ब्लॉक. तो उष्णतेला चांगला, आवाजाला कमी. चार इंची ब्लॉकची भिंत गिलाव्यासह चौरस मीटरला शंभरेक किलो, विटेच्या निम्म्याहूनही कमी. बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या ठेवा, दोन बेडरूममधली आणि बेडरूम-बाथरूममधली विटेची, जमल्यास सहा इंची. वाढीव वजन बीमला सोसेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत्ताच विचारा. दोन बाजूंचे स्विचबोर्ड एकमेकांपासून किमान दोन फूट सरकवा. संडासाचा पाइप उशामागच्या भिंतीत पुरू देऊ नका. पहाटे कोणी फ्लश केला की अख्खे घर जागे होते आणि नंतर त्यावर इलाज नसतो. भिंत बीमखाली ठासून भरली की नाही, हे गिलाव्याआधी स्वतः पाहा.

प्रश्न : अंड्यांचे ट्रे लावून आवाज थांबतो का?

उत्तर : नाही. पातळ पुठ्ठा आहे, वजन नाही. वर झटकन पेटतो. काढून टाका.

प्रश्न : रो-हाउसच्या वरच्या खोलीत तबल्याचा क्लास घेतो. शेजाऱ्यांची तक्रार आहे. मुलगा ढोल पथकातही आहे, तोही इथेच सराव करू शकेल अशी खोली होईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तबल्यासाठी होईल, ढोलासाठी नाही. नाशिक ढोलाचा घुमारा खूप खालच्या पट्टीत असतो, तो जमिनीत आणि कॉलममध्ये उतरतो. त्यासाठी खोलीत खोली बांधावी लागते, जमीनही तरंगती करावी लागते, आणि रो-हाउसच्या स्लॅबवर ते वजन न तपासता टाकणे धोक्याचे आहे. ढोलाला मोकळे मैदानच बरे.

तबल्यात डग्ग्याचा ठोका फरशीतून खाली आणि शेजारी जातो. म्हणून भिंतीआधी बैठक. १८ मिमी प्लायचे दोन थर, खाली दर दीड फुटावर १२ ते १५ मिमी रबराचे तुकडे, वर सतरंजी. बैठक भिंतीला टेकता कामा नये, चहूबाजूंनी अर्धा इंच सोडा. शेजारच्या घराला लागलेल्या भिंतीला पहिल्या उत्तरातले अस्तर. खिडकी सरकती असेल तर ती बदलून गॅस्केटवर दाबून बसणारी, झडपेची करा. सरकत्या खिडकीच्या रुळात कायम फट राहते. काच ५ + ५ मिमी लॅमिनेटेड. असे केल्यावर खोली हवाबंद होते आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. दहा मुले बसणार असतील तर दर अर्ध्या तासाने ठेका थांबवून खिडकी उघडा.

फोमचे पॅनल इथे मात्र चालतील, खोलीतला घणघणाट कमी करायला, आणि तेही आगीला दाद न देणाऱ्या प्रतीचे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. शेवटची बॅच नऊपर्यंत संपवा.

प्रश्न : पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आम्ही दोन भाऊ राहतो. मधली भिंत दीड फूट जाड आहे, तरी पलीकडचं सगळं ऐकू येतं. भिंतीला काय लावू?

उत्तर : भिंतीला काहीच लावू नका, दीड फुटाची भिंत तिचे काम करते आहे. टॉर्च घेऊन वर बघा. लाकडी तुळया भिंतीत शिरतात तिथे, दोन तुळयांच्या मधल्या खणात, माती झडून हातभर पोकळ्या झालेल्या असतात. पलीकडचा दिवा लावला तर तिथून उजेड दिसेल. या पोकळ्या विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याच्या मॉर्टरने भरा. सिमेंट नको, ते जुन्या मातीला धरत नाही आणि तुळईच्या टोकाशी ओल कोंडते. भरण्याआधी टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागले तर काम थांबवा आणि आधी सुताराला बोलवा.