जुन्या स्टेडियमसाठी जीव का हळहळतो?

तुम्ही विचारलं आहे की नव्या स्टेडियममध्ये खुर्च्या चांगल्या, स्वच्छतागृहं चांगली, मोठ्या पडद्यावर रिप्ले दिसतो, मग जुनं पाडलं किंवा बंद पडलं की चाहते एवढे हळवे का होतात? खेळ तर तोच आहे ना?

मी नाशिकचा. आमच्याकडे कसोटी किंवा एकदिवसीय सामन्यांचं स्टेडियम नाही. त्यामुळे मोठा सामना बघायचा म्हणजे प्रवास आलाच. माझ्या आठवणीतलं वानखेडे चर्चगेटला सुरूच होत नाही. ते नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर, सकाळी पंचवटी एक्सप्रेसची वाट बघताना सुरू होतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथूनच निघतं.

१९७५ हे साल आमच्या घरात फार मोलाचं. त्या वर्षी जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजविरुद्धची, क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावांची. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. सकाळी नाशिकहून निघायचं आणि रात्री घरी परत, हे पंचवटीमुळे शक्य झालं. मुंबईत मुक्कामाला आमचं कोणी नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या गाडीच्या भरवशावर वानखेडेला जायला लागले. अडचण एकच होती. गाडी व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनला, पोचेपर्यंत पावणेअकरा व्हायचे आणि कसोटी साडेनऊला सुरू व्हायची. पहिला तास हुकायचाच. व्हीटीहून मैदान ओलांडत चालत निघालं की वाटेतच कोणाला तरी स्कोअर विचारायचा. संध्याकाळी साडेचारला खेळ संपला की सव्वासहाच्या परतीच्या गाडीसाठी पुन्हा चालत व्हीटी. अण्णांनी वानखेडेवरचं सगळं क्रिकेट या दोन वेळांच्या मधलं पाहिलं.

मी पहिल्यांदा गेलो तो रविवार, २१ फेब्रुवारी १९९३. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचा तिसरा दिवस. मी अकरा वर्षांचा होतो. जानेवारीत मुंबईत दंगली होऊन गेल्या होत्या, आई नको म्हणत होती. अण्णांनी तिला काय सांगून मनवलं ते मला आजही माहीत नाही. द्राक्षांचा हंगाम होता, म्हणून आईने दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दोन किलो द्राक्षं पिशवीत भरून दिली होती. सिमेंटचं बाक इतकं तापलेलं होतं की खाली आधी वर्तमानपत्र आणि त्यावर टॉवेल घालून बसलो. डोक्यावर छप्पर नव्हतं. मागून लोकलचा आवाज येत राहायचा, कारण पश्चिम रेल्वेचे रूळ स्टेडियमला अगदी लागून आहेत. समोर विनोद कांबळी खेळत होता. त्याने त्या डावात २२४ केल्या आणि भारत एका डावाने जिंकला. द्विशतक मात्र मी पाहिलं नाही, ते दुसऱ्या दिवशी झालं आणि दुसऱ्या दिवशी माझी शाळा होती.

आमच्या शेजारी गिरगावातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते. अण्णांनी त्यांना द्राक्षं दिली, त्यांनी आम्हाला बटाटेवडे दिले. आणि मग दिवसभर ते मला ब्रेबॉर्न स्टेडियमबद्दल सांगत राहिले. इथे काही मजा नाही बाळ, खरं क्रिकेट तिकडे. सलीम दुराणीकडे लोकांनी षटकार मागायचा आणि त्याने द्यायचा. तिकडची हिरवळ, तिकडची झुळूक. मला आठवतं, मी मनातून चिडलो होतो. माझ्या आयुष्यातला पहिला सामना चालू होता आणि हे आजोबा त्याला कमी लेखत होते.

त्यांचं दुःख मला फार उशिरा कळलं. मुंबईत १९३३ साली भारतातली पहिली कसोटी झाली ती बॉम्बे जिमखान्यावर, लाला अमरनाथ यांनी शतक केलं ती. मग १९३७ मध्ये ब्रेबॉर्न उघडलं आणि मोठं क्रिकेट तिकडे गेलं. पुढे ब्रेबॉर्नचा मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात जागांच्या वाटपावरून बिनसलं. शेषराव वानखेडे यांनी हट्टाने, वर्ष-सव्वा वर्षात, हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. १९७३ नंतर ब्रेबॉर्नवर कसोटी झाली ती थेट २००९ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध, सेहवागने २९३ केल्या ती. मधली छत्तीस वर्षं ते आजोबा आणि त्यांच्या वयाची माणसं आपलं मैदान डोळ्यांसमोर उभं असून तिथे कसोटीला बसू शकत नव्हती. माझं वानखेडे हे त्यांच्यासाठी परक्याचं घर होतं.

तरीही मुंबईकरांचं एक नशीब मानतो. जिमखाना, ब्रेबॉर्न, वानखेडे ही तिन्ही मैदानं चर्चगेट आणि व्हीटीपासून चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. स्टेडियम बदललं तरी स्टेशन तेच राहिलं, वाट जवळपास तीच राहिली. पुण्यात तसं झालं नाही आणि तिथे मला जास्त वाईट वाटतं.

पुण्याचं नेहरू स्टेडियम स्वारगेटला, भर शहरात. माझ्या मामेभावाने तिथे २९ फेब्रुवारी १९९६ चा सामना पाहिला. वर्ल्ड कपमधली केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. केनिया १६६ वर बाद झाली तेव्हा अनेकांनी सामना संपला असं धरलं होतं. मग वेस्ट इंडिज ९३ वर गारद. त्यांचा हुकमी फलंदाज लारा ८ धावांवर यष्टिरक्षकाच्या हातात झेल देऊन गेला. मामेभाऊ सांगतो, त्या दिवशी पुणेकर केनियाचे झाले होते. सामना संपल्यावर तो आणि त्याचे मित्र सारसबागेपाशी भेळ खात अंधार पडेपर्यंत तेच बोलत बसले. आज त्याच शहराचे मोठे सामने गहुंज्याला होतात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला. स्टेडियम उत्तम आहे, मी दोनदा गेलो आहे. कुठूनही नजर अडत नाही. पण सामना संपला की प्रत्येक जण पार्किंगमधली आपली गाडी शोधायला धावतो, कारण आणखी दहा मिनिटं थांबलो तर तासभर अडकू ही भीती असते. जिंकलेल्या सामन्यानंतर अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायलाही तिथे सवड मिळत नाही. सारसबागेजवळची ती भेळ ज्याने खाल्ली आहे, त्याला नेहरू स्टेडियमची आठवण येणारच. तो भिंतींसाठी रडत नाही. सामन्यानंतरचे दोन तास त्याच्या आयुष्यातून गेलेले असतात.

पण अंतरावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचं हायबरी हे मैदान १९१३ पासूनचं. ७ मे २००६ ला तिथे शेवटचा सामना झाला, थिएरी ऑन्रीने तीन गोल केले आणि खाली वाकून गवताचं चुंबन घेतलं. नवं स्टेडियम तिथून चालत जाण्याइतकंच लांब, पण दीडपटीहून जास्त प्रेक्षकांचं. जुन्या स्टँडच्या जागी आता घरं आहेत आणि खेळायच्या जागेवर बाग. वाट तीच, तरी लोक हळहळले. मला वाटतं, त्याचं कारण नजरेत आहे. एकाच जागी बसून वर्षानुवर्षं मैदान पाहिलं की चेंडू कुठून कसा दिसतो हे अंगात मुरतं. वानखेडेवर आमच्या बाकावरून चेंडू हवेत उडाला की तो सीमारेषेपार जाणार की झेल होणार, हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी वानखेडे नव्याने बांधलं. जिथे आधी सुमारे ४५ हजार माणसं मावायची, तिथे ३३ हजारांच्या आसपास जागा राहिल्या. छप्पर आलं, खुर्च्या आल्या. पुढे एकदा मी गेलो तर आमचं बाक कुठे होतं हेच सापडेना. रुळांवरून अंदाज बांधत फिरलो. जिथे थांबलो तिथून मैदान दिसत होतं, पण ते माझ्या ओळखीचं दिसत नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती आमच्याच घरातली आहे. माझी आत्या क्रिकेट आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जाणायची. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ती वाढली. पापड लाटता लाटता कोणता गोलंदाज कोणत्या टोकाकडून टाकतोय हे सांगायची. ती वानखेडेला एकदाही आली नाही. अण्णांनी विचारलं नाही असं नाही. ती म्हणायची, दिवसभर तिथे बाईमाणसाने जायचं कुठे? पाणी पिण्याची चोरी. त्या काळच्या स्टेडियमांमध्ये बायकांसाठी धड सोय नसायची. हे आठवलं की जुन्याबद्दल बोलताना माझा आवाज खाली येतो. माझी मुलगी आज मैत्रिणींबरोबर गहुंज्याला जाऊन येते, हे आत्याला बघायला मिळायला हवं होतं. म्हणून जुनं पाडूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. नवं बांधताना ते एसटी स्टँडपासून, स्टेशनपासून, माणसांच्या पायांपासून तोडू नका, एवढंच म्हणेन. स्वच्छ स्वच्छतागृह शहराच्या मधोमधही बांधता येतं.

नाशिकमध्ये तशी जागा अजून टिकून आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेरे यांचं नाव त्याला दिलं आहे, पण नाशिककर अजून गोल्फ क्लबच म्हणतात. त्र्यंबक रोडला लागून, ठक्कर बाजारच्या स्टँडवरून चालत येता येतं. एरवी पहाटे भोवतीच्या ट्रॅकवर शहर फिरायला येतं, संध्याकाळी पोरं खेळतात, निवडणुकीत सभा होतात. आणि अधूनमधून महाराष्ट्राचा रणजी सामना होतो. तेव्हा मांडव घालतात, खुर्च्या टाकतात, आणि खेळाडू तुमच्यापासून इतके जवळ असतात की क्षेत्ररक्षक एकमेकांना काय ओरडून सांगतात तेही ऐकू येतं. तुम्ही नाशिकच्या जवळपास राहत असाल तर पुढचा सामना चुकवू नका. मी इथे लिहिलेलं सगळं तिथे दुपारच्या जेवणापर्यंत तुम्हाला समजेल.

२०२५ च्या जानेवारीत तिथे महाराष्ट्र विरुद्ध बडोदा सामना होता. महाराष्ट्राकडून ऋतुराज गायकवाड, बडोद्याकडून कृणाल पंड्या. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, मुंबईचा प्रवास झेपत नाही. थंडी होती म्हणून त्यांना कानटोपी, मफलर घालून रिक्षाने घेऊन गेलो. घरापासून दहा मिनिटं लागली. साडेआठलाच जाऊन बसलो. खेळपट्टीवरून रोलर फिरला, नाणेफेक झाली, पंच आले. पहिली ओव्हर संपेपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढे मोठे सामने पाहिले रे, पण पहिला चेंडू आज पाहिला."