मॉली ग्रीसचा डबा आणि तुमची लेक

प्रश्न: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'एका थराचे पदार्थ वाढवायचे' आणि त्यातच पुढे पीएच.डी. करायची, असं म्हणते. बँकेच्या परीक्षेचं नाव काढू देत नाही. यात पोट भरेल का? माझं सीताबर्डीला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बँकेचा एक फॉर्म मी तिला न विचारता भरलाय. – एक पालक, नागपूर

नमस्कार भाऊ,

दुकानात मॉली ग्रीसचा डबा असेलच. त्यातलं 'मॉली' म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवर सैल बसलेले असतात, घसरतात, म्हणून ते वंगण. तुमच्या लेकीला या कॅटातलं एकच पान हवंय. जाडी साधारण ०.६५ नॅनोमीटर. पान सुटं झालं की गुणच बदलतो: जाड तुकड्यातून जेमतेम निघणारा प्रकाश एका थरातून कितीतरी पटींनी जास्त निघतो. हे २०१० साली कळलं, पुढच्याच वर्षी त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला इवला स्विच, झाला. ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा असाच एक थर २००४ मध्ये मँचेस्टरला चक्क चिकटपट्टीने सोलून काढला होता. पण चिकटपट्टीवर कारखाना चालत नाही, म्हणून हे थर वाढवावे लागतात.

ते काम कसं असतं, ते ऐका. क्वार्ट्झच्या नळीची भट्टी, आत आर्गॉन सोडलेला. मधोमध छोट्या बोटीत मॉलिब्डेनम ऑक्साइडची चिमूटभर पूड, तिथे सातशे-आठशे अंश. वायू येतो त्या बाजूला गंधक. त्याला दोनशेच्या आसपास पुरे. दोन्ही वाफा सिलिकॉनच्या तुकड्यावर नेमक्या वेळी भेटल्या, तर सूक्ष्मदर्शकाखाली इवले त्रिकोण दिसतात. गंधक आधीच उडून गेलं तर दिवस वाया. असे दिवस पुष्कळ येतात. नागपूरच्या मे महिन्यात भट्टीशेजारी बसायचं, हे वेगळंच!

आता पोटाचं. खास या थरांवर चालणारा मोठा कारखाना आज नाही, त्या भरवशावर राहू नका. पण व्हॅक्यूम, भट्टी, क्लीन रूम (धूळ नसलेली खोली), रामन मापन (प्रकाश टाकून थर ओळखणं) हे हाताला बसलं, की सिलिकॉनच्या फॅबलाही, म्हणजे चिपच्या कारखान्यालाही, तीच माणसं लागतात, आणि धोलेऱ्याला टाटांचं फॅब उभं राहतंय. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या सुरुवातीला महिना ३७,००० रुपये असतात. म्हणजे बिनपैशाचं राबणं नव्हे ते.

माझी काळजी वेगळी आहे. लेकीने भट्टी पाहिलीय का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला तिला अर्ज करू द्या. नाहीच जमलं, तर नागपुरातच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत किंवा विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकांना भेटून दोन महिने प्रयोगशाळेत बसू द्या. दहा फसलेल्या प्रयोगांनंतरही अकराव्या दिवशी वही उघडून बसली, तर जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी सुरू करा. व्हीएनआयटीच्या एम.एस्सी.चा रस्ताही त्याच गुणांवरून जातो. घर सोडायलाच हवं असं नाही.

आणि तिला न विचारता भरलेला तो बँकेचा फॉर्म, ज्याबद्दल तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, तो आजच तिला सांगून टाका.